अंगात न मावणारं रक्त

पहिल्याच भेटीत मामांनी माझ्या तोंडावर श्वास सोडला. हाऽऽ करून, चांगला लांबलचक.

मी बुलढाण्याजवळच्या धाड गावी मुलींच्या शाळेत नुकतीच रुजू झाले होते आणि भाड्याची खोली बघायला त्यांच्या दारात उभी होते. आतून एक उंच, हाडापेराने मजबूत माणूस बाहेर आला. तोंड असं लाल, की नमस्कार करायचा सोडून मी बघतच राहिले. गाल लाल, नाक लाल, कानाच्या पाळ्या जांभळ्या, डोळ्यांत शिरा तटतटलेल्या. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं. दारूबंदी होती आणि हातभट्ट्याही होत्याच. माझ्या मनात जे आलं ते त्यांनी माझ्या तोंडावर वाचलं. दोन पावलं पुढे आले, वाकले आणि हाऽऽ.

“आला वास?”

“अहो, हे काय भलतंच!”

“दारूचा आला का, ते सांगा. कांद्याचा आला असन तं तो खाल्ला म्या.”

मी तापट बाई. तशीच मागे फिरणार होते. पण त्यांच्यामागून त्यांची बायको आली. सगळा गाव त्यांना मामा आणि तिला मामी म्हणायचा. “रागावू नोका बाई, ते साऱ्यायलेच करते असं,” म्हणत तिने माझी वळकटी उचलली आणि सरळ खोलीत नेऊन ठेवली. मग काय, राहिले. चांगली काही वर्षं राहिले.

साऱ्यायलेच म्हणजे खरंच सगळ्यांना. शाळा तपासायला आलेल्या साहेबांवर मामांनी श्वास सोडला. लग्नात वरबापावर सोडला. चौकीचा जमादार तर अधूनमधून मुद्दामच यायचा, आणि मामा ओट्यावरूनच ओरडायचे, “या, आजचा वास घेऊन घ्या! उद्या मी चिखलीले चाललो, उद्या भेटनार नाई.” जमादार बिचारा वास घ्यायचा, काही सापडायचं नाही, आणि जाताना मान हलवून म्हणायचा की म्हातारा लय बेरकी आहे, काहीतरी चघळतो. वास न येणं हासुद्धा पुरावाच झाला. अशा लोकांपुढे काय डोकं फोडायचं!

मामांचं वावर, म्हणजे शेत, गावाला लागून होतं. वांगी, मिरची, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा सगळा भाजीपाला. माल उत्तम, पण गिऱ्हाइकाशी बोलणं असं की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. कोणी मेथीची जुडी सोडून आत बघायला लागलं की म्हणायचे, “तुह्या पोरीले पाहाले आले तवा असंच उलटंपालटं करून पाह्यलं होतं का बे?” तरी लोक त्यांच्याकडूनच भाजी घ्यायचे. घ्यायचे आणि पाठ वळली की हाताचा अंगठा तोंडाकडे नेऊन हसायचे.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे आंघोळ. ते करायचेच नाहीत. ओल्या फडक्याने अंग पुसायचे, तेही चिडून. मामी सणावाराला रडकुंडीला यायची. एका दिवाळीला तिने त्यांना पाटावर बसवलंच. उटणं लावलं, कढत पाण्याचे दोन तांबे डोक्यावर ओतले. थोड्या वेळाने मामा धोतर सावरत अंगणातून जे सुटले, ते थेट वावरातल्या कडुलिंबाला पाठ घासायला लागले. म्हैस घासते तसं. वर पाण्याला शिव्या. अंगावर पुरळ नाही, गांधी नाही, काही नाही, आणि माणूस खाजवून रक्तबंबाळ व्हायच्या बेतात. आम्ही सगळे हसलो. मामी सोडून.

आणि पाय! ऐन थंडीत, आम्ही शाली गुंडाळून चुलीपुढे बसलेलो असताना, मामा मिरचीला पाणी नेणाऱ्या दांडाला, ओल्या चिखलात पाय घालून बसलेले. विचारलं तर म्हणायचे, “तळव्याले आग लागली. पायाले पाणी चालते, बाकी आंगाले नाई चालत. आता ते काऊन, ते पायालेच इचारा.” डोकं नेहमी फडक्याने करकचून बांधलेलं. घरात आरसा नाही. होता तो त्यांनी फोडला होता म्हणे. मामी कुंकू अंदाजाने लावायची, मग ते कधी डावीकडे जायचं, कधी उजवीकडे, आणि माझ्याकडे आरसा आल्यापासून ती रोज सकाळी माझ्या खोलीत यायची. गावाने या सगळ्याचा अर्थ एका शब्दात लावलेला होता. दारू. तोंड लाल, दारू. पाय जळतात, दारू. आंघोळ नको, दारूच.

मग एका बाजाराच्या दिवशी ते पडले.

मी कांदे घेत होते. मामा आपल्या भाजीच्या ढिगामागे उभे होते, कोणाशी तरी बोलत होते, आणि बोलता बोलता शब्द लडबडायला लागले. उजवा हात लोंबायला लागला. मग ते वांग्यांवरच आडवे झाले. डोळे उघडे, तोंड वाकडं. आणि लोक? लोक हसले! “आज जास्तच झाली मामाले,” कोणीतरी म्हणालं. एकाने पडलेली वांगी उचलून पिशवीत टाकली. मी तिथे जो आरडाओरडा केला, तो धाडमध्ये अजून कोणाला आठवत असेल तर असेल. एक व्यापारी मालाचा ट्रक घेऊन बुलढाण्याला निघाला होता. त्याला मी भर बाजारात अडवलं, दोघांना हाताला धरून कामाला लावलं आणि मामांना पोत्यांवर घालून दवाखान्यात नेलं. मामी माळावर गौऱ्या वेचायला गेली होती, तिला कळलंच नाही.

घाटाखाली नाही उतरायचं, सरळ रस्ता, पण मला तो संपेना. बुलढाण्याला पोचेपर्यंत मामांचा हात मात्र हलायला लागला होता आणि शिव्या पूर्ववत ऐकू यायला लागल्या होत्या. डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा. त्याने मामांच्या डाव्या बरगडीखाली पोट दाबलं, पुन्हा दाबलं, डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, “आंघोळ केल्यावर अंग खाजतं?”

मामा उठून बसायला लागले.

“पुरळ येत नाही, पण खाज मरणाची?”

“हाव.”

“तळपायांची आग होते? डोकं जड असतं?”

“हाव! हाव ना!” मामा माझ्याकडे बघायला लागले, की यांना कोणी सांगितलं. मी कुठे काही सांगितलं होतं?

डॉक्टरने बोटातून रक्त घेतलं, दंडातून घेतलं, आत गेला. बऱ्याच वेळाने एक बारीक काचेची नळी घेऊन आला. रक्त खाली बसलं की वर पिवळं पाणी राहतं, ते नळीच्या निम्म्याहून जास्त असायला हवं, असं त्याने सांगितलं. मामांच्या नळीत ते वर नावापुरतं होतं. बाकी सगळं लाल.

“हाडांच्या पोकळीत मगज असतो,” तो म्हणाला. “रक्त तिथे तयार होतं. शरीराला पुरेल इतकं झालं की मगज थांबतो. तुमचा थांबत नाही. लाल पेशी करतच राहतो, पांढऱ्याही जास्त करतो, रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशीही. त्यामुळे रक्त काकवीसारखं घट्ट झालंय, बरगडीखालची पानथरी सुजलीय. आज ते मेंदूत कुठेतरी अडकलं आणि सुटलं. दर वेळी सुटेलच असं नाही.”

“काऊन होते असं?”

“ते अजून कोणालाच माहीत नाही. तुम्ही काही खाल्लं, काही केलं, म्हणून नाही झालेलं.”

मामांनी दंडावरचा कापूस दाबून धरला. मग म्हणाले, “साहेब, तुमी दारूचं नाई इचारलं.”

“विचारायची गरज नाही. हे लाल दारूचं नाही.”

आणि मामा रडले. इतकी वर्षं गावभर श्वास सोडत फिरलेला माणूस, त्या खाटेवर गुडघ्यांत मान घालून रडला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तसा मी कधी ठेवला नव्हता.

बरं होणार नव्हतं. डॉक्टरने ते स्पष्ट सांगितलं. पण सांभाळलं तर माणूस वर्षानुवर्षं जगतो, असंही सांगितलं. उपाय एकच, ठरावीक दिवसांनी येऊन बाटलीभर रक्त काढून टाकायचं. मोठ्या शहरांत काही औषधं देतात, ती त्याच्याकडे नव्हती. “आणि रक्त तयार व्हायला लोखंड लागतं,” तो म्हणाला. “आपण रक्त काढतो ते अंगातलं लोखंड कमी व्हावं म्हणूनही. मगजाला मालच मिळता कामा नये. तेव्हा टॉनिक नाही, ताकदीच्या गोळ्या नाहीत. थकवा येईल, तो सोसा.” घरी येऊन मी मामीला सगळं सांगितलं. टॉनिक नाही, गोळ्या नाहीत, हे दोनदा सांगितलं. मामीचं लक्ष बाटलीपाशी अडकलं होतं. “बाटलीभर? अन् फेकून देते?” एवढंच तिने विचारलं.

मामा जायला लागले. रक्त काढलं की म्हणायचे, “कायले फेकता साहेब? कोनाले तरी द्या ना. लोकं रगताबिगर मरून राह्यले.” डॉक्टर म्हणायचा की हे आजारी रक्त आहे, हे कोणालाच चालत नाही. मामा पुढच्या खेपेला पुन्हा तेच म्हणायचे.

हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. लाली गेली, कानाच्या पाळ्या माणसासारख्या दिसायला लागल्या, डोकं दुखायचं थांबलं. आणि गावात बातमी पसरली की मामांनी दारू सोडली! देऊळगाव राजाच्या बालाजीपुढे शपथ घेतली म्हणे. कोणी, कधी, कशी पाहिली ती शपथ, बालाजीलाच ठाऊक. लोक रस्त्यात थांबून पाठ थोपटायला लागले. गणपतीच्या मंडपात त्यांना पुढच्या सतरंजीवर बसवलं. एका बाईने नवऱ्याला त्यांच्याकडे आणलं, “याले बी सांगा, कसं सोडलं ते.” मामा संतापून लाल व्हायचे, आता तेही धड होता येत नव्हतं. “अरे बाप्पा, धरलीच नोती तं सोडन काय!” ते ओरडायचे, आणि लोक म्हणायचे, पाहा, किती नम्र माणूस.

पण ते दिवस टिकले नाहीत. पाठोपाठच्या हिवाळ्यात गाल पुन्हा तांबडे दिसायला लागले. बाटली काढली की पुन्हा भरायचं. डॉक्टर चिडला. “इतक्या लवकर वाढायला नको. टॉनिक घेता ना? खरं सांगा.” मामा म्हणाले, “तुमच्या गळ्याची आन, टॉनिक नाई.” आणि गावात काय? बालाजीची शपथ मोडली. पुढची सतरंजी गेली, अंगठा पुन्हा तोंडाकडे जायला लागला.

एका रविवारी सकाळी मी विरजण मागायला मामीच्या सैपाकघरात गेले. चुलीत खुरपं घातलेलं होतं, लालबुंद झालेलं. मामीने ते सांडशीने ओढून काढलं आणि तांब्यातल्या ताकात बुडवलं. चर्र झालं, वाफ आली. पुन्हा खुरपं चुलीत.

“हे काय मामी?”

“यायचं ताक,” ती मामांच्या दिशेने मान करून म्हणाली. “रोजचंच आहे. लोखंड इझवलं का त्याचं सत्त्व उतरते ताकात, आंगाले रगत चढते.” आणि मग अगदी आनंदाने, “ते डॉक्टर काढून फेकून राह्यला, मी भरून काढून राह्यली. पाहा ना, आता तोंडावर कसं तेज आलं!”

“अहो, पण मी तुम्हाला सांगितलं होतं...”

“टॉनिक कुठं देल्लं? ताक आहे ते.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून मामा आत आले. तांब्या उचलला, माझ्याकडे बघत बघत सगळं ताक पिऊन टाकलं, मिशा पुसल्या. “बाई, वावरात चाला. वांगे देतो.”

वांगी कशाची! वाफ्याशी पोचेपर्यंत मी धुमसत होते. “तुम्हाला माहीत होतं?”

“चव लागते ना लोखंडाची.”

“मग पिता काऊन?” राग आला की माझीही भाषा गावची व्हायची.

मामा बांधावर बसले. चपला काढल्या, चिखलात पाय घातले. “आमाले एक पोरगी होती,” ते म्हणाले. मला हे ठाऊकच नव्हतं. त्या घरात इतके दिवस राहून मी तिचं नावही ऐकलं नव्हतं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पांढरी फटक पडत चालली, पाय सुजले, चार पावलं चालली की धाप लागायची. वैद्याने सांगितलं, रोज लोखंड विझवलेलं ताक द्या. मामीने काही दिवस दिलं. पोरीला ते जाईना, उलटी व्हायची, रडायची, आई नोको वं म्हणायची. मामीला दया आली आणि तिने ते बंद केलं. बाळंतपणात थोडंसं रक्त गेलं आणि पोरगी गेली, बाळही गेलं. “म्हने, थोडंच गेलं व्हतं,” मामा म्हणाले. “पन तिच्यापाशी थोडंच व्हतं.”

मी बांधावर त्यांच्याशेजारी बसले.

“तवापासून ही झोपत नोती बाई. मी जरासा डोया लावला का उठून भिंतीले टेकून बसे. म्हने, मी दया केली तिच्यावर, दया कराले नोको होती. आता मले रोज खुरपं इझवून देते, मी तोंड वाकडं न करता पितो, अन् ही झोपते. मस्त घोरते. तुमाले ऐकू येत असन.”

“आणि तुम्ही मराल त्याचं काय?”

“डॉक्टरनं सांगतलं ना, माहं बरं होत नाई. मंग तिचं तरी होऊ द्या.”

मला इतका राग आला, की वाटलं या माणसाला धरून गदागदा हलवावं. त्या रागात रडूही येत होतं. मी म्हटलं, “आणि पुढे कधी तिला कळलं, की त्या ताकानंच तुम्ही गेलात? मग झोपेल ती? त्या वेळी तिला कोण सांभाळणार आहे, मी का?”

त्यांनी पायाने चिखल हलवला. “सांगसान तिले?”

“आत्ता जाऊन सांगणार.”

“सांगतलं तं खोली खाली करा.”

“करते!” मी म्हटलं, आणि तशीच घरी गेले.

मामी ऐकत राहिली. हाडांतला मगज, लोखंड, घट्ट रक्त, बाजारात ते का पडले, सगळं मी शाळेत पोरींना सांगते तसं तिला सांगितलं, सोपं करून. तिची नजर चुलीतल्या खुरप्यावर होती. शेवटी म्हणाली, “म्हंजे मी यायले मारून राह्यली होती का बाई?” मी म्हटलं, तसं नाही मामी, तुम्हाला काय माहीत. पण तिने ते ऐकलं की नाही, देव जाणे. उठली आणि सरळ मोरीवर जाऊन ताकाचं गाडगं उलटं केलं.

मी सामान बांधायला घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या दाराशी उभे. टोपलीत वांगी. “भरताचे आहेत,” ते म्हणाले, आणि माझ्या वळकटीकडे बघून, “हे कायले बांधून ठेवलं? इंचू जाईन त्यात.” एवढ्यावर भांडण मिटलं.

पण मामीचं काही मिटलं नाही. ती आता दर खेपेला बुलढाण्याला सोबत जायची, खाटेच्या बाजूला उभी राहून बाटली भरताना बघायची. मेथी चालते का, गूळ चालतो का, लोखंडी तव्यावरची भाकर चालते का, असं ती मला रोज विचारायची, आणि मी सांगितलेलं तिला पटायचं नाही. तवा मातीचा आणला. भाजीपाला पिकवणाऱ्या घरात बाई भाजी करायला भ्यायला लागली. मामा पुन्हा फिके झाले. त्यांच्याकडे बघताना तिच्या तोंडावर जे यायचं, ते बघवत नव्हतं. तेव्हा मला कळलं की ती त्या पांढऱ्या पडलेल्या पोरीकडे बघत असते. आणि पलीकडच्या खोलीतलं घोरणं बंद झालं होतं. मी सांगितलं ते चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण त्या शांततेचा त्रास झाला, तो झालाच.

असं काही वर्षं चाललं. मग एका थंडीत, सकाळी, मामा वावरातच गेले. मिरचीच्या ओळीत सापडले. या वेळी अडकलेलं सुटलं नाही.

माती द्यायला गाव जमला. आणि तिथे, तिरडी बांधताना, एकजण दुसऱ्याला म्हणाला, “शेवटी दारूनंच नेलं.” मी ऐकलं. बाईमाणसाने तिथे बोलायचं नसतं, हे मला कळत होतं. मी बोलले. काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही, पण सगळे गप्प झाले. आणि नंतर पुन्हा तेच म्हणत राहिले असतील, त्यात मला शंका नाही.

मामी रडली नाही. बाया तिला म्हणत होत्या, रड वं माय, मोकळी हो. ती नुसती बसून राहिली. दिवस झाले, पाहुणे गेले, तरी नाही. मी शाळेतून आले की तिच्याजवळ बसायची. अशीच एका संध्याकाळी बसले होते, आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाई, एक इचारू? तुमी शिकेल आहा.”

“विचारा ना.”

“पोरगी गेली तवा हे घरातच होते. तोंड तवाबी असंच लाल. इकडं बापाच्या आंगात मावत नोतं, अन् तिकडं पोरगी रगत नाई म्हनून मेली. मधात एक भिंत. तवाच कोनाले समजलं असतं, तं याचं तिले देता आलं असतं का?”

किती दिवस हे तिने मनात धरलं होतं, कोण जाणे. डॉक्टर मामांना दर खेपेला काय सांगायचा, ते मला पाठ होतं.

“नाही मामी. ते रक्त कोणालाच चाललं नसतं. डॉक्टर असता तरी दिलं नसतं.”

“खरं?”

“खरं.”

तिने माझा हात धरला. इतका घट्ट की बांगडी रुतली. “मंग आमच्या हातात काहीच नोतं,” ती म्हणाली, “ना त्यायच्या, ना माह्या.” आणि मामा गेल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्याने रडली.